आजारातून उठलेलं लेकरू आणि त्याचं अक्षर

शेतातून येऊन, भाकरतुकडा खाऊन जरा टेकला असाल. कुणी शेंगा फोडता फोडता ऐकत असेल, कुणी लेकराला थोपटत असेल. मागच्या भाषणात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही गटाच्या बैठकीतूनच आला आहे.

श्रावणातली गोष्ट. आम्ही दोघी सहयोगिनी एका गावात महिन्याच्या बैठकीला गेलो होतो. बचत जमा झाली, हप्ते झाले, मागचा ठराव वाचून झाला. सह्या करायची वेळ आली तरी एक ताई जागची हलेना. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. शेवटी शेजारणीने तिच्या पिशवीतून एक वही काढली आणि आमच्यापुढे सरकवली. म्हणाली, "हिचं लक्षच नाही आज. तुम्हीच बघा काय ते."

वही तिच्या मुलाची होती. मुलगा दुसरीत. पहिली पानं जून-जुलैमधली. अक्षर गोल, ठसठशीत, रेघेला धरून. मग तारखांमध्ये चोवीस दिवसांचा खाडा. आणि त्यानंतरची पानं अशी, की म कुठला आणि भ कुठला ते कळेना. ओळी खाली घसरलेल्या. खोडून खोडून एका जागी कागद फाटलेला.

मुलाला मुदतीचा ताप आला होता, म्हणजे टायफॉइड. आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात, सलाईन, मग घरी. घरी आल्यावर चार दिवसांतच ताईने त्याला रोज संध्याकाळी दोन पानं शुद्धलेखन लिहायला बसवायला सुरुवात केली. तो चार ओळी लिहून मान टाकायचा. ती ओरडायची. आदल्या रात्री तिने त्याच्यावर हात उचलला होता. "तापातून उठलेल्या लेकराला मारलं मी," ती म्हणाली. "पण करू काय? अक्षर गेलं तर सगळंच गेलं की."

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हीही चुकलो. आम्ही म्हटलं, "दोन पानं नको, रोज एकच पान लिहून घे." आम्हाला वाटलं, मधला मार्ग काढला. पण पुढच्या आठवड्यात कळलं, की वही काढली की मुलगा पोट दुखतंय म्हणतो आणि शाळेचं नाव घेतलं की पांघरुणात तोंड घालतो. मग मात्र आम्ही शाळेतल्या बाईंना भेटलो, आशाताईंशी बोललो, डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो आहोत. कारण पावसाळ्यात अशी आजारी लेकरं घरोघरी असतात, आणि अशा वह्याही.

आधी हे समजून घेऊ, की आजारपणानंतर अक्षर बिघडतं का.

आपल्याला वाटतं, लिहिणं हे बोटांचं काम. पण बोटं एकटी लिहीत नाहीत. पाठ ताठ राहावी लागते, खांदा स्थिर राहावा लागतो, कोपर आणि मनगट टेकून राहावं लागतं, तेव्हा कुठे तीन बोटांत पेन्सिल नीट फिरते. आठ-पंधरा दिवस अंथरुणात काढलेल्या मुलाची पाठच ताठ राहत नाही. मग ते वहीवर ओणवं होतं, डोकं हातावर टेकवतं, पेन्सिल मुठीत आवळून धरतं. अक्षर वाकडं येतं ते त्यामुळे. त्यात सलाईनची सुई लिहित्या हातालाच लावलेली असेल, तर तो हात काही दिवस दुखराच राहतो.

दुसरं असं, की सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. ती हळूहळू पक्की होतात, त्याला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे धडधाकट मुलाचा हातही या वयात लवकर दमतो. आजारी मुलाचं तर विचारूच नका.

आता तुम्हीच सांगा. आपण आठ दिवस तापाने पडलो आणि नवव्या दिवशी भाकरी थापायला बसलो, तर पहिली भाकरी गोल होते का? कडा फाटतात, हात भरून येतो, तव्यावर टाकताना दुमडते. म्हणून कुणी म्हणतं का, की हिला आता भाकरीच येत नाही? चार दिवस पोटात अन्न गेलं, अंगात ताकद आली, की हात आपोआप पहिल्यासारखा चालतो. मुलाच्या हाताचंही तसंच आहे. शिकलेलं वळण हात विसरत नाही, फक्त त्याला ताकद लागते. आणि दमलेल्या हाताने रोज पानभर वाकडं लिहिलं, तर मूठ आवळायची, खाली वाकायची सवय लागते. सवय मोडणं हे नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड.

म्हणून पहिली गोष्ट. ताप असेपर्यंत आणि डॉक्टर विश्रांती सांगतात तोपर्यंत वही-पेन्सिल बंद. यात मुलाचं काही बुडत नाही. ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पुरा करायचा, पाणी उकळून द्यायचं, हलकं पण पोटभर खाऊ घालायचं. अक्षर सुधारायचं पहिलं औषध हेच.

मग त्या दिवसांत अभ्यास काहीच नाही का? आहे, पण तो कानाचा आणि तोंडाचा. गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून विचारा, "आता पुढं काय झालं असेल?" कोडी घाला. "क वरून काय काय आठवतं?" असा खेळ खेळा. आजीला जवळ बसवा, तिच्याकडे गोष्टींचा साठा असतो. ज्या बायांना वाचता येत नाही, त्यांनाही हे सगळं जमतं. दुसरीच्या मुलाला भाषा येते ती आधी कानातून, आणि ती आजारपणातही चालू राहू शकते.

दुसरी पायरी, मूल उठून बसायला लागल्यावरची. आता बोटांना खेळ द्या. मटार किंवा शेंगा सोलू द्या. कणकेचा गोळा द्या, त्याची चिमणी करू दे, साप करू दे. कापसाच्या वाती वळायला बसवा. वात वळताना अंगठा आणि शेजारची दोन बोटं जशी चालतात, तीच बोटं पेन्सिल धरतात. तांदूळ निवडणं, फुलं ओवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, ही सगळी हाताची ताकद वाढवणारी कामं आहेत. मुलगा असला तरी बसवा बरं का. मुलग्याच्या हातात वाती दिल्या म्हणून सासूबाई हसल्या, तर त्यांना सांगा, हा अक्षराचा व्यायाम चाललाय.

हे काही आमच्या डोक्यातून आलेलं नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आदिवासी आणि गरीब घरच्या लेकरांसाठी काम सुरू केलं. महागडी खेळणी आणायची कुठून? मग आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, पानं, खडे, शिंपले हेच त्यांनी शिकवण्याचं साहित्य केलं. गांधीजींनीही आपल्या आत्मकथेत आपल्या खराब अक्षराबद्दल खंत लिहून ठेवली आहे. मोठेपणी सुधारायला गेलो पण जमलं नाही, असं ते सांगतात, आणि मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं, मग अक्षर, असं त्यांचं मत होतं. म्हणजे अक्षराला किंमत नाही असं नाही. पण हात आधी मोकळा व्हायला हवा.

तिसरी पायरी, मोठं अक्षर. लगेच वहीवर जायचं नाही. आपल्या आजोबांच्या काळात धूळपाटी होती. पाटीवर बारीक माती पसरायची आणि बोटाने गिरवायचं. तसंच करा. परातीत रवा किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटाने हातभर मोठा ग काढू द्या. अंगणात खडूने, भिंतीवर ओल्या फडक्याने लिहू द्या. रांगोळीचे ठिपके जोडू द्या. मोठं अक्षर काढताना खांद्यापासून हात फिरतो आणि वळण अंगात बसतं. मग पाटी, आणि सगळ्यात शेवटी दुरेघी वही.

वहीवर आल्यावर सगळी बाराखडी एकदम नको. अक्षरांच्याही भावकी असतात. ग, म, भ, न ही एक भावकी. व, ब, क ही दुसरी. ट, ठ, ढ, द ही तिसरी. प, ष, फ ही चौथी. एका दिवशी एकच भावकी घ्यायची. एक वळण बसलं की बाकीची अक्षरं त्याच्या पाठोपाठ येतात.

बसवायचं कसं, तेही सांगतो. पोटावर झोपून किंवा पलंगावर लोळून लिहायचं नाही. मांडी घालून बसवा आणि समोर पाट किंवा पालथा डबा ठेवा, म्हणजे वही छातीपासून थोडी दूर आणि जरा उंच राहते. उजेड लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांत धरू द्या. आखूड झालेली पेन्सिल लहान बोटांना बरी पडते, ती फेकू नका. मूल डावखुरं असेल तर डाव्याच हाताने लिहू द्या. आजारपणाचं निमित्त करून हात बदलायला लावू नका.

आणि वेळ किती? सुरुवातीला पाच मिनिटं. घड्याळ लावून. मूल म्हणालं "अजून लिहितो", तरी पहिले दोन-तीन दिवस थांबवाच. पाचाची दहा मिनिटं आठवड्याने करा. लिहून झालं की लाल पेनने फुल्या मारायच्या नाहीत. त्यालाच विचारा, "या ओळीत तुला तुझं कुठलं अक्षर आवडलं?" त्याभोवती त्यालाच गोल काढू द्या. मूल स्वतःचं चांगलं अक्षर ओळखायला लागलं, की पुढचं अक्षर तसं काढायचा प्रयत्न आपणहून करतं. या वयात एवढंच बघायचं, की लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतंय का. मोत्याच्या दाण्यांसारखं अक्षर पुढे येईल तेव्हा येईल.

आता पुन्हा त्या ताईकडे येतो. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा आम्ही तिला विचारलं, "अक्षर गेलं तर सगळं गेलं, असं तुला का वाटतं?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी चौथीत होते. कावीळ झाली. दोन महिने घरी. परत गेले तर वर्ग कुठल्या कुठं गेलेला. मला मागच्या रांगेत बसवलं. माझी वही वर धरून सगळ्यांना दाखवली, बघा हिचं अक्षर. पोरं हसली. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. घरीही कुणी म्हटलं नाही, जा म्हणून. अक्षरामुळे माझी शाळा सुटली."

मैत्रिणींनो, आमच्या अंगावर काटा आला. तिची भीती खोटी नव्हती, पण तिने बोट भलत्याच गोष्टीवर ठेवलं होतं. तिची शाळा अक्षरामुळे सुटली नाही. दोन महिन्यांत शाळेतून कुणी घरी आलं नाही, घरातून कुणी शाळेत गेलं नाही, आणि परतल्यावर तिला हसू केलं, म्हणून सुटली. आता मुलाचं अक्षर सुधारायच्या नादात तीच गोष्ट घरात घडत होती. मुलाला वहीची भीती बसली होती आणि वहीमुळे शाळेची. आजारी मुलाचं जपायचं असेल तर ते शाळेशी असलेलं नातं. ते टिकलं तर अक्षर येतंच.

ते टिकवायचं कसं?

मूल आजारी पडलं की पहिल्या दोन-चार दिवसांतच शाळेत कळवा. साधा चार ओळींचा अर्ज द्या, दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स जोडा. लिहिता येत नसेल तर गटातल्या एखादीकडून लिहून घ्या. वर्गशिक्षिकेला विचारा, "पुढच्या पंधरा दिवसांत वर्गात मुख्य काय शिकवणार आहात?" एवढंच. सगळा गृहपाठ मागू नका.

मूल बरं झाल्यावर दुसऱ्याच्या वहीतून तीस-चाळीस पानं उतरवून काढायला लावू नका. उतरवण्याने हात दुखतो, डोक्यात काही जात नाही. बाईंना विचारा, "यातलं नेमकं कुठलं आलंच पाहिजे?" दुसरीत ते दोन-तीन गोष्टींपलीकडे नसतं. ज्या गावात आम्ही गेलो, तिथल्या बाईंनी सगळं उतरवणं माफ केलं आणि मुलाला फक्त दोन धडे मोठ्याने वाचायला आणि हातच्याची बेरीज करायला सांगितलं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्यात शिक्षणाचा हक्क आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवता येत नाही. मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हीला या कायद्याने बंदी आहे, म्हणजे वही वर धरून हसू करणंही त्यात बसत नाही. मूल कुठे मागे आहे ते पाहून त्याला जास्तीचं शिकवणं, हे शिक्षकाच्या कर्तव्यातच लिहिलेलं आहे. म्हणून मदत मागताना संकोच करू नका. भांडायचं नाही, नीट सांगायचं. बहुतेक शिक्षक ऐकतात, कारण आई शाळेत आली की त्यांनाही बरं वाटतं.

पहिल्या दिवशी मूल शाळेत जाईल तेव्हा त्याच्याबरोबर जा. जमलं तर पहिले काही दिवस अर्धा दिवस शाळा मागून घ्या. बाईंना सांगा, "हात दमतो, थोडं कमी लिहू द्या." आणि पुढच्या बाकावर, त्याच्या मित्राशेजारी बसवा म्हणावं.

आता काळजी कधी करायची, तेही सांगायला हवं. सगळंच आपोआप बरं होतं असं नाही. बरं वाटून चार-सहा आठवडे झाले तरी हात थरथरतो, वस्तू हातातून पडतात, एकच बाजू लुळी वाटते, चालताना तोल जातो, डोकं सारखं दुखतं, किंवा मूल वही डोळ्यांना चिकटवून बघतं, तर डॉक्टरांना दाखवा. एक बाजू अचानक लुळी पडली, तर एक दिवससुद्धा थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत मुलांच्या तपासणीला येतं. ते कधी येणार हे शाळेत किंवा आशाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल शाळेत असेल असं बघा.

काही मुलांचं आजारपण एकदाचं नसतं. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची मुलं आहेत. त्यांची हाडं-सांधे मधूनमधून ठणकतात आणि शाळा पुन्हा पुन्हा बुडते. अशा मुलाच्या दुखण्याबद्दल वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेला लेखी सांगून ठेवावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचाही समावेश आहे. आणि आजाराच्या आधीपासूनच एखाद्या मुलाला अक्षरं लिहिणं फार जड जात असेल, बाकी सगळं येत असूनही, तर त्याला आळशी म्हणू नका. ती शिकण्यातली अडचण असू शकते आणि तीही या कायद्यात धरली आहे. शिक्षकांशी बोलून तपासणी करून घ्या.

आता गटाने काय करायचं? आपण दुखण्याखुपण्याला कर्ज देतो, तेवढ्यावर थांबू नका. त्या गावातल्या गटाने एक ठराव केला. कुठल्याही सभासदाचं मूल आठवड्याच्या वर शाळेत गेलं नाही, तर शेजारच्या सभासदाने शाळेत जाऊन विचारायचं आणि आठवड्यातून दोनदा त्या मुलाला अर्धा तास गोष्ट सांगायला किंवा वाचून दाखवायला जायचं. आई बिचारी दवाखाना, शेत आणि चूल यांत अडकलेली असते. मावशी आली की मुलालाही वाटतं, आपल्याला कुणी विसरलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या गटातली एखादी त्या समितीत असेलच. तिला सांगा, हा विषय तिथेही मांड.

त्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. पंधरा दिवस ताईने वही कपाटात ठेवली. त्याने वाती वळल्या, परातीत रव्यावर हत्ती काढले. शाळेत पहिले चार दिवस रडत गेला, पाचव्या दिवशी मित्राबरोबर गेला. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही वही पाहिली. अक्षर अजून जुलैसारखं नाही. भ अजून रेघेखाली घसरतो. पण पान त्याने स्वतः उघडून दाखवलं, आणि एका भ भोवती गोल काढलेला होता.

ताईने त्या दिवशी हजेरीपत्रकावर सही केली. गटात आली तेव्हा ती अंगठा द्यायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण पेन धरायची लाज वाटायची. सही शिकली ती वयाच्या तिसाव्या वर्षी, याच बैठकांत. ज्या बाईचा हात तिसाव्या वर्षी वळतो, तिच्या सात वर्षांच्या लेकराचं चोवीस दिवसांत काय बुडणार आहे, हे आम्ही तिला म्हटलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

या आठवड्यात तुमच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर एवढंच विचारा, "कुणाचं लेकरू घरी आहे का गं आजारी?" आणि बैठक संपायच्या आत ठरवा, त्या घरी कोण जाणार.

भेटू पुढच्या भाषणात. नमस्कार.